खुर्दाशेठ

नाणी मोजणाऱ्या यंत्राला नाण्यावरचं काहीच वाचता येत नाही. त्याला साल दिसत नाही, सिंह दिसत नाहीत, टिळक कोण आणि तुकाराम कोण हे कळत नाही. वरच्या पसरट भांड्यात खुर्दा ओतायचा, बटण दाबायचं, की आतली तबकडी गरगर फिरायला लागते. नाणी कडेला फेकली जातात आणि एका चिंचोळ्या फटीतून एकामागं एक पळत सुटतात. फट केवढी ठेवायची हे आधी बाजूची दोन बटणं फिरवून ठरवायचं, एक व्यासाचं आणि एक जाडीचं. फटीत बसलं ते मोजलं, नाही बसलं ते मागं राहिलं. वाकडी नाणी, एखादा वायसर, शर्टाचं बटण, नागमोडी कडेचे दहा पैसे, नेपाळी रुपया, जत्रेतल्या पाळण्याचं टोकन असा सगळा गाळ तबकडीखाली साचतो. दिवस संपला की शिपाई तो फडक्यानं पुसून कचऱ्याच्या डब्यात झटकतो.

या गाळावर ज्याचा जीव जडलेला असतो असा एक इसम प्रत्येक जिल्ह्यात असतोच. सराफकट्ट्याची झाडलोट धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी असतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की झारेकऱ्याचं त्यावर पोट भरतं आणि याला घरची बोलणी पोटभर मिळतात. नगर जिल्ह्यातला असा जो इसम माझ्या पाहण्यात आहे, त्याला सगळे खुर्दाशेठ म्हणतात. (जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायला हवं. कागदोपत्री २०२४ सालापासून तेच नाव आहे. पण शेठ स्वतः अजून कधी हे म्हणतात, कधी ते.)

शेठ हे काही खरे शेठ नव्हेत. ते एस.टी.चे कंडक्टर होते. नगर-पुणे रूटवर त्यांची हयात गेली. १ जून १९४८ला एस.टी.ची पहिली गाडी ज्या रस्त्यावर धावली, तो हा रस्ता. ही तारीख ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पहिली डबल बेल यांच्याच आजोबांनी मारली.

महाराष्ट्रातला यच्चयावत कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडतो. शेठही भांडायचे, पण त्यांच्या भांडणाची जात निराळी. समोरच्यानं बेतशीर नोटा दिल्या की त्यांचा चेहरा पडायचा. "नोटा राहू द्या ओ, चिल्लर बघा ना खिशात." सुप्याला उतरणारा माणूस बिचारा खिसे उलटेपालटे करून मूठभर नाणी काढायचा. शेठ ती तळहातावर पसरायचे, एकेक नाणं उलटं करून सालाखाली बघायचे आणि मगच चिमटा वाजवायचे. मागं पन्नास माणसं लोंबकळतायत, पुढून ड्रायव्हर ओरडतोय, "शेठ, डबल मारा की! शिरूर आलं!" हे शेठपण त्यांना तिथंच चिकटलं. डेपोत कॅश भरताना त्यांची पिशवी सगळ्यांत जड असायची, आणि खुर्दा बाळगतो तो खुर्दाशेठ असं बारसं कुणीतरी करून टाकलं.

हिशोबाला मात्र माणूस चोख. पिशवीतून एक रुपया उचलला की आपल्या खिशातला एक रुपया आधी आत टाकणार. कंडक्टरला ड्यूटीवर चढताना जवळची खासगी रक्कम लिहून द्यावी लागते, म्हणजे तपासणीत घोळ नको. इतर लोक 'रुपये वीस' लिहून मोकळे होतात. शेठ लिहायचे, 'रुपये वीस, पैकी हैदराबाद दोन, नोएडा एक.' तपासणीसानं एकदा विचारलं म्हणे, की हे नोएडा कोण?

इथं थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर शेठ कळणार नाहीत. आपल्याकडं नाणी चार टांकसाळींत पडतात. सालाच्या आकड्याखाली मुंबईचा चौकट असतो, हैदराबादचा तारा असतो आणि नोएडाचा ठिपका. कलकत्त्याची खूणच नसते. "सगळ्यांत जुनी ना ती," शेठ सांगतात, "तिला सही करायची गरज वाटत नाही." पण शेठचा खरा लाडका आहे १९८५चा रुपया. त्या वर्षी देशात नाण्यांची अशी ओढाताण झाली, की सरकारनं बाहेरून पाडून आणली. बर्मिंगहॅमहून आलेल्या रुपयावर सालाखाली बारीक 'एच' आहे. पुढं नव्वदीच्या दशकात काही रुपये मेक्सिकोतूनही आले. शेठना स्वतःला गाणगापूर-पंढरपूरच्या पलीकडं कुणी नेलं नाही. पण रांजणगावच्या एका म्हातारीनं चंचीतून काढून दिलेला रुपया बर्मिंगहॅमला जन्मलाय हे कळलं, तेव्हा त्यांनी तिला उठून खिडकीची जागा दिली. जागा होती दुसऱ्याच पॅसेंजरची. तो शिक्रापूरपर्यंत कुरकुरत राहिला.

निवृत्त झाले आणि शेठची नदी आटली. दुकानादुकानांत चौकोनी चित्रं लागली. भाजीवालीपुढं हात पसरावा तर तिच्या टोपलीतला डबा बोलतो, 'रुपये मिळाले.' शेठच्या हातात काहीच पडत नाही. "पूर्वी पाच रुपयांची कोथिंबीर घेतली तरी अख्खा देश हातात यायचा. आता बाईमाणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो." या दुःखातूनच ते यंत्रांकडं वळले. जिथं खुर्दा अजून पोत्यानं येतो तिथं यंत्र असतं, आणि यंत्र तिथं गाळ. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांना तोटा नाही. दूधसंस्था आहेत, देवस्थानं आहेत, दाळमंडईचे व्यापारी आहेत. शेठनी साहेबलोकांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी शिपाई धरले. कुठल्या शिपायाला तंबाखू लागते, कुणाच्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे, कुणाची बदली पाथर्डीला होऊ घातलीय, सगळं त्यांना पाठ. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते काचेच्या दारातून आत डोकावतात. शिपाई तोंडानं काही बोलत नाही, नुसती मान हलवतो. होकार असेल तर शेठ आत जाऊन तबकडीखाली हात घालतात.

तो हात एकदा बघण्यासारखा आहे. शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घरात तीन वस्तू असतात. एक सराफी भिंग, एक मऊ दातांचा जुना टूथब्रश, आणि बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, दोऱ्याला बांधलेलं. चुंबक खाली सोडलं की स्टीलची नाणी टपाटप चिकटतात. चिकटत नाही ती खरी मौज. जुनी दोनाची आणि पाचाची नाणी तांब्या-निकेलची, ती चुंबकाला दाद देत नाहीत. पुलावरून भाविकांनी नदीत टाकलेली नाणी चुंबकानं ओढणारी पोरं असतात ना, त्यांच्याविषयी शेठ कळवळून म्हणतात, "लेकरं दिवसभर पाण्यात राबतात आणि चांगला माल सगळा तळाशीच ठेवून येतात." मग ते नाणं अंगठा आणि तर्जनीत कडेनं धरायचं, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. उजेडाकडं तिरकं करायचं, एक डोळा मिटायचा. त्या वेळी त्यांच्याशी बोलू नये. बोललात तर उत्तर नाण्याला मिळतं.

आणि फुकट ते काही घेत नाहीत. इथं रोज वाद होतो. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली. म्हणजे यंत्राच्या तळाशी सापडलेल्या दहा पैशांची कायदेशीर किंमत शून्य. शिपाई म्हणतो, घेऊन जा. शेठ म्हणतात, असं कसं, संस्थेचा माल आहे, दहा पैसे लावून घ्या. शिपाई म्हणतो, दहा पैसे तुम्ही देणार कशात? शेवटी शेठ रुपया ठेवतात आणि नव्वद पैसे संस्थेकडं जमा धरतात. एका पतसंस्थेत त्यांचे असे बरेच पैसे येणे आहेत. ते वहीत मांडलेलेही आहेत.

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस अशाच एका पतसंस्थेत उगवला. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कॅशियरला अजून ते बोचतं. तिथं काही महिने एक भुताटकी चालली होती. यंत्र दोन रुपयांवर लावून पिशव्या भरायच्या, हजार नाणी म्हणजे दोन हजार रुपये, सील करून बँकेत पाठवायच्या. आणि बँक दरवेळी कळवायची, रक्कम कमी आहे. कधी शंभर, कधी दीडशे. कॅशियर शिपायाकडं बघायचा, शिपाई वॉचमनकडं, वॉचमन छताच्या कॅमेऱ्याकडं. चेअरमननी वास्तुशांत सुचवली. यंत्रवाल्याला नगरहून बोलावलं. त्यानं यंत्र उघडलं, तेल घातलं, हजार नाणी तीनदा मोजून दाखवली. तिन्ही वेळा हजार. यंत्र निर्दोष सुटलं. माणसं संशयित राहिली.

शेठ आले, परवानगी काढून पिशवी फोडली आणि नाणी टेबलावर पसरली. मग शांतपणे त्यातून एकेक रुपया बाजूला काढू लागले. दोनच्या पिशवीत रुपया! ढीग वाढत गेला तसा कॅशियरला घाम फुटला. शेठनी दोन नाणी एकावर एक ठेवली. खाली १९९४चा स्टीलचा रुपया, वर २०११नंतरचे दोन रुपये. कड जुळली. तराजूत टाकली, वजनही समान. तेव्हा त्यांनी कंडक्टरी आवाजात जाहीर केलं, "१९९२च्या स्टीलच्या रुपयाचा व्यास पंचवीस मिलिमीटर, वजन चार पूर्णांक पंच्याऐंशी ग्रॅम. २०११च्या दोन रुपयांचा व्यास पंचवीस मिलिमीटर, वजन चार पूर्णांक पंच्याऐंशी ग्रॅम. सरकारनं रुपया बारीक केला आणि त्याचे जुने कपडे दोनाला घातले. मशीन बिचारं कपडे बघतं."

शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. चेअरमननी शाल-नारळाची भाषा काढली. शेठचं लक्षच नव्हतं. बाजूला काढलेल्या रुपयांतला एक त्यांनी भिंगाखाली धरला होता, आणि ते थरथरत होते. त्यावर ज्ञानेश्वर होते.

१९९९ साली माउलींचा एक रुपया निघाला होता. तो त्याच मापाचा, पंचवीस मिलिमीटरचा. "बघा," शेठ म्हणाले, "ज्ञानेश्वरी सांगितली कुठं? नेवाश्याला. आपल्या जिल्ह्यात. आणि आपल्याच जिल्ह्यातलं यंत्र माउलींना दोन रुपये धरतंय. माणसं तेवढीसुद्धा धरत नाहीत." त्यांनी आपला रुपया ठेवून तो रुपया घेतला. शाल घेतली नाही. नारळ घेतला, कारण घरी चटणीला नव्हता.

इथून 'नगरी डबा' सुरू झाला. तोवर शेठ सगळंच जमवत होते. आता त्यांना विषय मिळाला. ज्या माणसाचा नगर जिल्ह्याशी संबंध, त्याचंच नाणं. अट एकच, ते चलनातून सापडलेलं हवं. विकत घेतलेलं डब्यात जात नाही. पहिले माउली. त्यानंतर शेठनी थेट भुईकोट किल्ल्याला हात घातला. १९४२च्या ऑगस्टात काँग्रेस कार्यकारिणीची बडी मंडळी इंग्रजांनी तिथं आणून डांबली, हे नगरच्या शाळेतलं पोरगंही सांगतं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं. पण या माहितीचा रोकड उपयोग कुणाला सुचला नव्हता. नेहरूंचा जन्मशताब्दीचा १९८९चा रुपया शेठना दूधसंस्थेच्या यंत्रात मिळाला. सरदार पटेलांचे १९९६चे दोन रुपये, अकरा कोनांचे, ते फटीत अडकले होते. शेठ म्हणतात, "वल्लभभाई यंत्रालाही वाकले नाहीत." मौलाना आझादांचे २०१३चे पाच रुपये मात्र त्यांना बरेच दिवस गुंगारा देत होते. ते शेवटी सापडले पंक्चरवाल्याच्या डब्यात. या तिघांना शेठनी एकाच प्लॅस्टिकच्या कप्प्यात ठेवलंय आणि वर चिठ्ठी आहे: 'बराक, भुईकोट.'

शिवछत्रपतींचे १९९९चे दोन रुपये घ्यायचे का, यावर ते काही दिवस अस्वस्थ होते. महाराजांचा जन्म शिवनेरीचा, म्हणजे पुणे जिल्हा. मग त्यांनी तोडगा काढला. नगरच्या शाहशरीफ पिरावरून मालोजीराजांनी मुलाचं नाव शहाजी ठेवलं अशी परंपरा आहे. आजोबांचा नवस नगरचा, तेव्हा नातवाचा हक्क पोचतो. लोकमान्यांच्या पाच रुपयांना मात्र त्यांनी प्रवेश नाकारला. ते नाणं २००७मध्ये निघालं, त्यांच्याकडं डझनभर पडलंय. पण पुरावा नाही. "थोर माणूस आहे. पण नियम म्हणजे नियम."

शिर्डी हा शेठच्या धर्मातला स्वतंत्र अध्याय आहे. लोक शिर्डीला साईबाबांसाठी जातात. शेठही जातात, दर्शनही घेतात, खोटं कशाला बोला. पण आरतीला हात जोडलेल्या माणसाची नजर समाधीवर असते आणि शेठची ताटात. आरतीचं ताट समोर आलं की ते इतका वेळ वाकून राहतात की मागच्या बायकांना त्यांच्या भक्तीचं कौतुक वाटतं. देशभरातून माणूस तिथं येतो, आणि त्याच्या खिशाच्या तळाशी जे असतं ते तिथं पडतं. एप्रिल २०२३मध्ये बातमी आली, की शिर्डीतल्या काही बँकांनी संस्थानची नाणी घ्यायला हात वर केले, कारण आता ठेवायला जागाच उरली नाही. कोट्यवधींची नाणी बँकांत पडून होती. बातमी वाचून सगळ्यांना आश्चर्य वाटलं, शेठना ताप आला. खरोखरीचा. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या होत्या आणि ते पुटपुटत होते, "कुणी बघितलीसुद्धा नसतील. एकेक उलटं करून कुणी बघितलीसुद्धा नसतील."

बाबांनी १९१८ साली देह ठेवण्याआधी लक्ष्मीबाई शिंद्यांना नऊ रुपये दिले, आधी पाच आणि मग चार, ही कथा सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. कीर्तनकार त्या नवांतून नवविधा भक्ती उलगडून दाखवतात. एकदा अशाच कीर्तनात बुवांनी विचारलं, "हे नऊ रुपये म्हणजे काय, सांगा बरं?" मागून शेठ म्हणाले, "कोणत्या सालचे होते, त्यावर आहे." बुवा थांबले. शेठना वाटलं, बुवांना रस आहे. ते उठून उभे राहिले आणि सांगू लागले, की पंचम जॉर्जचा १९११चा रुपया असेल तर मोठी गोष्ट आहे. त्याच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला, सरकारनं रुपया मागं घेतला आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून काढला. नवांत एखादा तसा असला तर... इथं टाळकऱ्यांनी गजर सुरू केला.

शिर्डीहून ते परततात ते खुर्दा घेऊन. प्रसादाच्या दुकानदाराला पाचशेची नोट द्यायची आणि पाचशेची नाणी घ्यायची. दुकानदार त्यांना चहा पाजतो. एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून ते सगळी नाणी चाळतात, दोन-तीन ठेवतात, आणि मग या छंदाचं खरं संकट उभं राहतं. उरलेली चारशे सत्त्याण्णव रुपयांची नाणी खपवायची कुठं? बँक नाक मुरडते. किराणावाला हसतो. तेव्हा शेठ प्लॅस्टिकच्या पिशवीतून झेरॉक्स काढतात. २०११चा नाणे कायदा, कलम सहा. रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत वैध चलन. अधेली दहा रुपयांपर्यंत. दुसरा झेरॉक्स रिझर्व्ह बँकेचा, जानेवारी २०१८चा: दहाच्या नाण्याच्या चौदाही तऱ्हा खऱ्या. भाजीवाल्यानं दहाचं नाणं नाकारलं की शेठ १४४४०ला मिस्ड कॉल देतात आणि उलट फोन आला की तो त्याच्या कानाला लावतात. त्यावर रिझर्व्ह बँकेची रेकॉर्ड केलेली माहिती ऐकू येते. मी हजर होतो तेव्हा भाजीवाल्यानं ती निमूट ऐकली आणि हात जोडले, "काका, नाणं घेतो. गवारही तशीच न्या. पण मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

घरी काकूंचं मत एका वाक्यात आहे: "याच्यापेक्षा दारू परवडली असती, निदान फरशीवर सांडत नाही." तरी त्यांनी हे सगळं संसारात सामावून घेतलंय. दाराला अडवण म्हणून खुर्द्याची पिशवी लागते. पापड वाळताना कडेला पाचाचे जुने ठोकळे ठेवतात, नऊ ग्रॅमचे, वाऱ्याला हलत नाहीत. फक्त एकदा त्यांनी चांगुलपणा केला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी शेठ वसुबारसेच्या राहिलेल्या कामाला नेवाश्याकडं गेले होते. काकूंनी पूजेत मांडायला म्हणून जुन्या नाण्यांचा डबा काढला. नाणी काळी-हिरवी पडलेली. चिंच घेतली, रांगोळी घेतली, दुपारभर बसून लखलखीत केली. त्यात एक शिवराई होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि वर शतकांचा हिरवा गंज. तो गंज म्हणजे तिचा जन्मदाखला असतो. नाणं घासलं की संग्राहकाच्या लेखी ते गेलं. संध्याकाळी शेठ आले आणि चौरंगावर सगळी घराणी नव्या पितळी भांड्यांसारखी चमकताना त्यांनी पाहिली. ते मटकन खाली बसले. काकूंना वाटलं, भरून आलं. त्या म्हणाल्या, "बघा, जरा हात लावला तर कसं तेज आलं!" शेठनी त्यांच्याकडं पाहिलं, शिवराईकडं पाहिलं, आणि म्हणाले, "फार छान." माझ्या माहितीत ते आयुष्यात बोललेलं हे एकमेव असत्य.

दिवाळीतच पुण्याहून भाचा आला. आयटीत आहे. त्यानं गुपचूप शेठना बाजूला घेतलं, खिशातून रुमालात गुंडाळलेलं पाचाचं नाणं काढलं. माता वैष्णोदेवीचं, २०१२चं. "मामा, हे दहा लाखांना जातं. व्हिडिओ आहे. तुम्ही फक्त गिऱ्हाईक दाखवा, निम्मे तुमचे." शेठनी भिंग लावलं, उलटं केलं, चौकट बघितला, आत जाऊन आपला वैष्णोदेवीचा डबा आणला. डबा नव्हे, लोणच्याची बरणी. निम्मी भरलेली. "यातली किती देऊ? तुझ्या हिशोबानं मी कोट्यधीश आहे, फक्त कुणी विचारत नाही." भाचा हिरमुसला. ऑनलाइन कुणीतरी नोंदणीचे म्हणून काही हजार मागितले होते, ते यानं भरलेही होते. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असले धंदे चालतात म्हणून ऑगस्ट २०२१मध्येच त्या बँकेनं सावध केलं होतं. त्याचाही झेरॉक्स पिशवीत होता. शेठनी तो काढला नाही. नाण्याचे पाच रुपये मात्र भाच्याच्या हातावर मोजले. सुट्टे.

आता त्यांच्या नगरी डब्यात एकच जागा रिकामी आहे, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. जिल्ह्याला नाव त्यांचं. त्यांनी महेश्वरच्या टांकसाळीत पाडलेल्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचं पान असतं. त्यातलं एक नगरमधल्या यंत्रात कधी निघणार नाही हे शेठनाही कळतं. पण अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, ३१ मे २०२५ रोजी, पंतप्रधानांनी भोपाळमध्ये तीनशे रुपयांचं नाणं प्रसिद्ध केलं. असली नाणी चलनात येतच नाहीत. टांकसाळ ती संग्राहकांना विकते, दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे घेऊन. नगरमधल्या दोघा-तिघांनी मागवलं. शेठना त्यातल्या एकानं जुन्या ओळखीवर देऊ केलं. शेठनी हात मागं घेतला. विकत घेतलेलं डब्यात जात नाही.

"मग ते तुम्हाला मिळणार कसं?" मी विचारलं.

"का नाही मिळणार? कायद्यानं ते पैसेच आहेत. आज ज्यानं हौसेनं घेतलंय त्याचा नातू उद्या मोठा होईल. त्याला पेट्रोलला पैसे कमी पडतील. आज्याच्या कपाटात हात घालील. पंपावर देईल, पंपवाला घेणार नाही, मग तो देवाच्या पेटीत टाकील. पेटी शेवटी यंत्रात येते."

"पण ते केवढं थोरलं आहे. फटीत जाणारच नाही."

"तेच म्हणतोय मी. जाणार नाही. मागं राहील."

त्याच संध्याकाळी ते पतसंस्थेत गेले आणि शिपायाला बाजूला घेऊन सांगितलं, की यंत्रात कधी मोठं काही अडकलं आणि आवाज बदलला तर आधी स्विच बंद करायचा. स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, ठोकायचं नाही, त्यांना फोन करायचा, मग रात्रीचे बारा वाजलेले असोत. शिपायानं मान डोलावली आणि विचारलं, की त्या दिवशी त्यांच्याकडं तीनशे रुपये सुट्टे असतील ना?

शेठनी खिसा वाजवून दाखवला.